प्रश्नचिन्हाच्या आडून

२ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास नवी मुंबईतील नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे ५ बळी आणि त्याच्या तीनच दिवस आधी याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेली नाबाद १२७ धावांची खेळी घरोघरी पाहिली गेली. उपकर्णधार स्मृती मानधना ही सांगलीची कन्या. तिने स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक, ४३४ धावा केल्या. त्यात न्यूझीलंडविरुद्धचे याच मैदानावरील शतकही होते. मराठी वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली. ते योग्यच झाले.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, २३ नोव्हेंबरला, तिचा विवाह सांगलीत व्हायचा होता. तो झाला नाही. त्या दिवशी अधिकृतपणे कळले ते एवढेच: सकाळी वधुपित्याची प्रकृती अचानक बिघडली, त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि वडील बरे होईपर्यंत विवाह करायचा नाही असे मुलीने ठरविले. तिच्या व्यवस्थापकाने पत्रकारांना तसे सांगितले आणि कुटुंबाच्या खासगीपणाचा मान राखण्याची विनंती केली. बातमी तिथे संपत होती.

परंतु बातमी संपली, तरी बातमीची भूक संपलेली नव्हती. पुढचे चौदा दिवस महाराष्ट्रातील आणि देशातील कित्येक वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनी या घरात घडले नसेल असे काही शिल्लक ठेवले नाही. कोणी काय केले असावे, कोणामुळे केले असावे, कोणते छायाचित्र कोणत्या खात्यावरून दिसेनासे झाले आणि त्याचा अर्थ काय लावावा, यावर रकानेच्या रकाने भरले गेले. या प्रकरणात त्रयस्थांची नावे ओढली गेली. त्या कंड्या येथे पुन्हा सांगण्याचे काहीच प्रयोजन नाही, वराचे नाव देण्याचेही नाही. ७ डिसेंबरला स्मृतीने स्वतःच विवाह रद्द झाल्याचे चार ओळींत जाहीर केले, आपण खासगी वृत्तीची व्यक्ती आहोत असे सांगितले आणि हा विषय येथेच थांबवावा अशी विनंती केली. ज्या मुलीने पाच आठवड्यांपूर्वी देशाला विश्वचषक मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला होता, तिला आपल्या घराची दारे लावून घेण्यासाठीही निवेदन काढावे लागले!

या चौदा दिवसांतील मराठी मथळ्यांची भाषा नीट वाचली, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत खोटे असे विधान फारसे सापडत नाही. ‘चर्चांना उधाण’, ‘नेमके काय घडले?’, ‘समाजमाध्यमांवर कुजबूज’, ‘सूत्रांची माहिती’, ‘नेटकरी म्हणतात’. चर्चा होती, हे खरेच होते. कुजबूज होती, हेही खरेच. वृत्तपत्र फक्त चर्चा असल्याचे सांगत होते. पूर्वी गावात एखादी बाई पदराआडून ‘मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात’ असे सांगे. तोच हा प्रकार. केवळ पदराची जागा प्रश्नचिन्हाने घेतली. महाभारतातील युधिष्ठिरही अश्वत्थाम्याविषयी तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलला नव्हता. हत्ती मेलाच होता. पण ऐकणाऱ्याने काय ऐकावे हे बोलणाऱ्याला पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी जमिनीवर टेकला, असे आपली परंपरा सांगते. शब्दाला चिकटून अर्थाशी केलेला द्रोह आपल्याकडे सत्यात कधी मोजला गेलेला नाही.

या पद्धतीतील खरी क्रूरता अशी, की जिच्याविषयी लिहिले जाते तिला सुटकेचा मार्गच उरत नाही. ती गप्प राहिली तर ‘मौनाचे गूढ’ असा मथळा होतो. तिच्या भावाने विवाहाच्या नव्या तारखेची वावडी खोडून काढली, तर त्या खुलाशाची नवी बातमी होते आणि ज्यांनी मूळ वावडी ऐकलीच नव्हती त्यांच्यापर्यंतही ती पोहोचते. एका वाहिनीने अफवा दाखवायची, दुसरीने ‘त्या वाहिनीवरील वृत्ताने खळबळ’ म्हणून दाखवायची, तिसरीने खुलासा मागायचा. चौथ्या दिवशी सगळ्यांनी मिळून अफवा कशा पसरतात यावर चर्चासत्र भरवायचे! यात प्रत्यक्ष सांगलीतील वार्ताहराला दोष देणे सोपे आहे. पण त्या बिचाऱ्याला मुंबईहून तासातासाला ‘काही नवीन आहे का’ असे विचारणारा मनुष्य वेगळा असतो, आणि त्याचे नाव बातमीखाली कधीच छापले जात नाही.

याचे समर्थन करणारे दोन युक्तिवाद नेहमी पुढे केले जातात. पहिला असा, की अखेरीस विवाह मोडला, म्हणजे अफवा खरी ठरली. वास्तविक विवाह मोडणे ही एक गोष्ट आणि त्याची कारणे म्हणून दोन कुटुंबांच्या माथी जे जे मारले गेले, ती दुसरी. शिवाय अंदाज बरोबर आला म्हणून तो पडताळा होत नाही. मटक्याचा आकडा लागला, तरी तो लावणाऱ्याला कोणी गणिती म्हणत नाही. दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. या मंडळींनी आपला आनंद स्वतःच जगजाहीर केला होता, ज्या डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषक उंचावला, तिथेच तिला डोळ्यांवर पट्टी बांधून नेऊन विवाहाची मागणी घातल्याची चित्रफीत लाखोंनी पाहिली होती. मग दुःखाच्या वेळी पडदा कसा मागता, असे विचारले गेले. आजच्या तरुण पिढीने प्रत्येक मंगल क्षण कॅमेऱ्यापुढे साजरा करावा का, हा प्रश्न अवश्य विचारावा. थोरामोठ्यांनी घरात विचारावाच. पण दारावर तोरण बांधले म्हणून माजघरात शिरण्याचा परवाना मिळत नाही. लग्नाची पत्रिका गावभर वाटणाऱ्या बापाच्या घरी दुसऱ्या दिवशी काही अशुभ घडले, तर शहाणी माणसे मुकाट्याने परत फिरतात. पत्रिका हातात आहे म्हणून कारणे विचारत उभी राहत नाहीत.

मग क्रीडा पत्रकाराने कानावर आलेली प्रत्येक कुजबूज केराच्या टोपलीत टाकावी काय? तसे म्हणता येणार नाही, आणि त्याला भारतीय क्रिकेटचाच इतिहास साक्ष आहे. सामनानिश्चितीची कुजबूज नव्वदच्या दशकात पत्रकारांच्या कक्षात वर्षानुवर्षे फिरत होती. १९९७ मध्ये मनोज प्रभाकरने एका साप्ताहिकातून आपल्याला लाच देऊ करण्यात आल्याचा आरोप केला. नियामक मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांची चौकशी नेमली. तिच्या हाती ठोस काही लागले नाही आणि ‘सगळ्या अफवाच’ म्हणून विषय मिटविण्यात आला. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्या दूरध्वनी संभाषणाचा पुरावा असल्याचे जाहीर केले, तेव्हा साऱ्या जगाने त्यांनाच हसून घेतले. चार दिवसांत क्रोनिएने कबुली दिली. कुजबुजीत तथ्य होते. परंतु ते बाहेर आले ध्वनिफितींमुळे. पत्रकारांच्या ‘म्हणे’मुळे आले नाही.

त्याच वर्षीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. प्रभाकरने लाच देऊ करणारा म्हणून पुढे ज्याचे नाव घेतले, तो कपिल देव होता. १९८३ च्या विश्वविजयाचा कर्णधार दूरचित्रवाणीवर करण थापर यांच्यासमोर ढसाढसा रडताना देशाने पाहिला. काही महिन्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अहवालात कपिलविरुद्ध विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही असे स्पष्ट झाले, आणि प्रभाकरवरच पाच वर्षांची बंदी आली. आरोपाची बातमी केवढ्या अक्षरांत छापली गेली होती आणि निर्दोषत्वाची केवढ्या, हे ज्यांनी ती वृत्तपत्रे पाहिली त्यांना आठवत असेल. एकच कुजबूज क्रोनिएच्या बाबतीत खरी निघाली आणि कपिलच्या बाबतीत तिला आधार सापडला नाही. कानावर आलेल्या शब्दाला स्वतःचा असा चेहराच नसतो. तो शब्द हे पत्रकाराच्या कामाचे आरंभस्थान असू शकते. हल्ली तोच कामाचा शेवट मानला जातो, एवढाच काय तो फरक.

अर्थात शहानिशेची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलूनही भागत नाही. १८ मार्च २००७ रोजी, पाकिस्तानचा संघ आयर्लंडकडून हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याचे प्रशिक्षक बॉब वूल्मर किंग्स्टनच्या हॉटेलात मृत्यू पावले. जमैकाच्या पोलिसांनी गळा दाबून खून झाल्याचे सांगितले. त्यावर आपल्याकडील वाहिन्यांनी विषप्रयोगापासून सट्टेबाजांच्या टोळ्यांपर्यंत जे इमले रचले, त्यांचा पाया काय होता? संशय पाकिस्तानी खेळाडूंवर होता, म्हणून तो इथल्या प्रेक्षकांना गोड लागला, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे. जूनमध्ये त्याच पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर केले. ज्यांच्याकडे खुनी म्हणून पाहिले गेले, त्या खेळाडूंची क्षमा मागणारी वाहिनी मात्र कुठे दिसली नाही. प्रतिपक्षाविषयीची अफवा पडताळून पाहण्याची इच्छाच होत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत आधी पडताळायची असते. झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याला तर ऑगस्ट २०२३ मध्ये आपण जिवंत असल्याचे स्वतः सांगावे लागले. जगभरच्या माध्यमांनी त्याला श्रद्धांजली वाहून टाकली होती. तो मनुष्य कर्करोगाशी झुंजत होता आणि त्यानंतर अवघ्या दहाबारा दिवसांनी खरोखरच गेला. एक दूरध्वनी करायला किती वेळ लागला असता?

कोणी म्हणेल, पत्रकारितेच्या घाईत एवढे होणारच. या मराठी भूमीत पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांना ती सवलत मिळाली नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. आधार होता काही पत्रांचा. ती बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. महाराजांविषयीची त्यांची कळकळ अस्सल होती. पुढच्याच वर्षी अहमदनगरला इंग्रज रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला, तेव्हा ती निराधार नव्हती हेही दिसले. तरीही हेतू शुद्ध होता म्हणून खोटे पत्र खरे झाले नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की आरोप त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्रात, त्यांच्या जबाबदारीवर छापला गेला होता. ‘सूत्रां’च्या खांद्यावर बंदूक त्यांनी ठेवली नाही, म्हणून शिक्षाही त्यांनाच भोगावी लागली. तिथे राजाच्या जिवाचा प्रश्न होता. इथे एका मुलीच्या लग्नाचा.

आज तुरुंगाची वेळ सहसा येत नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत छापण्यापूर्वी खातरजमा करावी, संबंधिताचे म्हणणे घ्यावे, सार्वजनिक हित नसेल तर खासगी आयुष्यात शिरू नये आणि चूक झाल्यास ठळकपणे दुरुस्ती करावी, हे सारे आहे. परंतु परिषदेच्या हाती ताशेरे ओढण्यापलीकडे अधिकार नाही, आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यासाठी न्यायालयात जायचे, तर अफवा पसरायला एक दिवस आणि निकाल लागायला दहा वर्षे! म्हणून हा प्रश्न अखेरीस संपादकाच्या टेबलावरच सुटायचा आहे. नारदाला आद्य पत्रकार मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे, त्यांच्या जयंतीला पत्रकारांचे सत्कारही होतात. मात्र लोकांच्या तोंडी त्यांचे दुसरेच बिरुद बसले आहे, ‘कळलाव्या’. दोहोंमधील अंतर किती कमी आहे, याचा विचार सत्काराच्या दिवशी व्हावा.

अनधिकृत वार्तेची किंमत केवळ अब्रूने चुकवावी लागते असेही नाही. विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईच्या वाट्याला मुळात कसा आला? तो बंगळुरूला व्हायचा होता. ४ जून २०२५ रोजी तिथे आयपीएल विजेत्या संघाच्या मिरवणुकीची आणि मोफत प्रवेशाची वार्ता संघाच्याच समाजमाध्यम खात्यावरून पसरली. पोलिसांची परवानगी नव्हती. मिरवणूक होणार नाही असे ते सांगत होते. एकाच दिवशी परस्परविरोधी बातम्या फिरत राहिल्या, चिन्नास्वामी मैदानाच्या दारांवर गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत ११ जण मरण पावले. त्यानंतरच विश्वचषकाचे सामने तिथून हलवून नेरुळला आणले गेले. त्या सकाळी ‘परवानगी आहे का’ हा एक प्रश्न किती वृत्तकक्षांतून विचारला गेला?

नेरुळच्या त्या विजयानंतर क्रिकेटचे मैदान आपलेही आहे असे वाटू लागलेल्या मुलींच्या घरी काय घडते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. खारघर, पनवेल, वाशी इथल्या मध्यमवर्गीय घरांतून मुलीला क्रिकेटच्या वर्गात घालणे आजही सोपे नाही. साहित्याचा खर्च, पहाटेचा सराव, शाळेची हजेरी, संध्याकाळी अंधार पडल्यावर लोकलने एकटीने परतणे, आणि या सगळ्यावर नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न: ‘पुढे काय?’ स्मृती मानधनाकडे बोट दाखवून या प्रश्नाला उत्तर देता येत होते. जिल्हा पातळीवर खेळलेल्या बापाने आणि थोरल्या भावाने सांगलीच्या माधवनगरसारख्या ठिकाणी एका मुलीला कसे घडविले, ही कथा कुठल्याही आईबापाला धीर देणारी होती. त्या चौदा दिवसांनी त्याच आईबापांना दुसरी कथा सांगितली. मुलगी मोठी झाली, की तिच्या बापाचे आजारपणही चव्हाट्यावर येते. पुरुष खेळाडूच्या वाट्यालाही हे भोग येतात, नाही असे नाही. परंतु लोकापवादाचा भार आपल्या समाजात स्त्रीच्याच खांद्यावर अधिक पडतो, आणि ही गोष्ट रामायणापासून आपल्याला माहीत असायला हवी. एखाद्या बापाने या कारणावरून मुलीची बॅट माळ्यावर टाकली, तर त्याची कुठे नोंद होणार नाही.

या व्यवहारात वाचकही सर्वस्वी निर्दोष नाही. सकाळच्या चहाबरोबर ‘बघा, काय काय बाहेर येतंय’ म्हणत नात्यातल्या गटांवर तो मजकूर पुढे ढकलणारे हात सुशिक्षित घरांतलेच होते. मागणी आहे म्हणून पुरवठा आहे, असे संपादक म्हणतो, तेव्हा त्याला तोंडावर खोटे म्हणता येत नाही.

स्मृती डिसेंबर संपण्याच्या आत भारतासाठी खेळायला उतरली, आणि ९ जानेवारी २०२६ रोजी महिला प्रीमियर लीगच्या सलामीच्या सामन्यात त्याच डी. वाय. पाटील मैदानावर तिने आपल्या संघाचे नेतृत्व केले. तिने आपले काम केले. क्रीडा पानांनी आपले केले का, याचा हिशेब मात्र तारखेसकट मांडता येतो. ज्या २३ नोव्हेंबरला सांगलीतील एका घरासमोर कॅमेरे रांगेने उभे होते, त्याच दिवशी कोलंबोच्या पी. सारा ओव्हल मैदानावर अंध महिलांच्या पहिल्यावहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताने नेपाळवर ७ गडी राखून विजय मिळविला. संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची आहे. दुसऱ्या दिवशी ढाक्यात भारतीय महिला कबड्डी संघाने चिनी तैपेईला ३५-२८ असे हरवून विश्वचषक जिंकला. या दोन्ही बातम्यांना कुठल्याही सूत्राची गरज नव्हती. धावफलक होता, गुणफलक होता, खेळाडू बोलायला तयार होत्या. दोन जगज्जेतेपदे होती. त्या आठवड्याची वृत्तपत्रे ज्यांच्या घरी अजून रद्दीत गेली नसतील, त्यांनी ती काढून या दोन बातम्या कोणत्या पानावर आणि किती ओळींत आल्या ते जरूर पाहावे.